घूं गेलं, सूं राहिलं: साउंड कार्ड घेतानाचा माझा अनुभव

आमच्या भजनी मंडळात मी गात नाही, खंजिरीही वाजवत नाही. घरी कॉम्प्युटर आहे म्हणून रेकॉर्डिंगचं खातं माझ्या गळ्यात. गाव तिवसा तालुक्यातलं, मोझरीचं गुरुकुंज जवळ. तुकडोजी महाराजांची भजनं इथं लहान पोरांनाही पाठ. बुवा आता सत्तरी ओलांडून गेले. आवाज शाबूत आहे तोवर भरून ठेवावा, एवढंच मनात होतं.

कॉम्प्युटर पुतण्याचा जुना. माइक मंडपवाल्याकडून मागून आणला. त्याची पिन जाड, पी-38; तिला ईपीचं, म्हणजे बारीक पिनेचं, कन्व्हर्टर लावून कॅबिनेटच्या मागच्या माइकच्या गुलाबी भोकात खुपसली. टिनाच्या खोलीत बुवांना बसवलं आणि एक भजन भरलं. ऐकलं तर बुवा कमी, घूं करणारी पिठाची गिरणीच जास्त. माउस हलवला की वरून किरकिर वेगळी.

ज्याला विचारावं तो एकच सांगे: मदरबोर्डावरचं साउंड कार्ड, म्हणजे आवाज आत घेणारा-बाहेर देणारा भाग, फालतू असतं, वेगळं टाक. कापसाचे पैसे आले होते. अमरावतीला गेलो. दुकानदारानं आत बसवायचं एक कार्ड काढलं आणि 7.1, 7.1 असा जप सुरू केला. म्हणजे आठ स्पीकर. आमच्याकडे बुवांचा एक गळा आणि माझे दोन कान. तरी मी घेतलंच असतं, पण माझ्या बोर्डात कोणतं कार्ड बसतं, जुन्या पीसीआय स्लॉटचं की पीसीआय एक्सप्रेसचं, हेच मला सांगता येईना. बोर्ड पाहून येतो म्हणालो आणि एसटी धरली. त्या अज्ञानानं पैसे वाचवले.

परत आल्यावर मंडपवाल्या साउंडभाऊला गाठलं. त्यानं पहिलाच प्रश्न केला, “तुले ऐकाले पायजे का रेकॉर्ड कराले?” दुसरा त्याहून भारी, “डब्याले हात लावला त झिणझिण्या येते का?”

येत होत्या. रोज येत होत्या, आणि आम्ही त्याला कॉम्प्युटरचा स्वभाव समजत होतो.

गोष्ट अशी की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेच्या दोन्ही तारांकडून डब्याकडे गेलेले बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर डबा 230 च्या निम्म्यावर, एकशे पंधराच्या आसपास व्होल्टवर लोंबकळत राहतो. करंट अगदी किरकोळ, पण बोटाला कळतो आणि माइकच्या वायरीला तर फारच कळतो. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, मागं तारच नव्हती.

न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, जिथं जमीन बारा महिने ओली, तिथं वायरमननं खड्डा केला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ. तिथून तार थेट एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत. संध्याकाळी हेडफोन लावला आणि घूं गायब. झिणझिण्याही. साउंड कार्डाचा एक रुपया अजून खर्च झाला नव्हता.

पण मागचं बारीक सूं राहिलं. घूं आणि सूं हे दोन वेगळे आजार आहेत, हे मला तेव्हा उमगलं. घूं विजेचं, 50 हर्ट्झचं आणि त्याच्या पटीतल्या पिलावळीचं. सूं मात्र आवाज फार ताणल्याचं. मंडपाचा डायनॅमिक माइक जेमतेम दोन-चार मिलिव्होल्ट देतो, आणि गुलाबी भोक बनलंय हेडफोनसोबत येणाऱ्या छोट्या माइकसाठी. बूस्ट पुरता चढवला तेव्हा कुठं बुवा ऐकू आले, आणि त्यांच्यासोबत सूंही तेवढंच चढलं.

म्हणजे मला हवा होता चांगला माइक प्रीअँप, माइकचा क्षीण आवाज आधीच मोठा करणारा भाग. दुकानातल्या कार्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात डेसिबल छापले होते, ते स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचे. माइकच्या भोकाबद्दल अवाक्षर नाही. 1989 साली क्रिएटिव्हचं पहिलं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा कार्डाशिवाय कॉम्प्युटर टूं-टूं करण्यापलीकडे जात नसे. आता नुसतं ऐकायचं असेल तर बोर्डावरचं बहुतेकांना पुरतं. माझं तर हे ठाम मत झालंय.

शेवटी बाहेर ठेवायचं, यूएसबीचं घेतलं: बेहरिंगर कंपनीचं यूएमसी202एचडी. दोन माइकची सोय, एक बुवांना, एक पेटी-खंजिरीला. स्लॉटची भानगड नाही, आणि डब्यातल्या किरकिरीपासून दूर. ते 24 बिटमध्ये, म्हणजे आवाज जास्त बारकाईनं मोजून, भरतं; त्याचा फायदा मला खंजिरीनं शिकवला. तिची थाप अचानक उसळते आणि आवाज फाटतो. म्हणून लेव्हल बरीच खाली ठेवायची आणि नंतर उचलायची. 24 बिटमध्ये उचलताना मोजणीतला तळाचा कचरा ऐकू येण्याएवढा वर येत नाही.

पहिल्या दिवशी मात्र आवाज मुंगीएवढा. मशीन खराब निघालं म्हणून मी हबकलो. साउंडभाऊनं वायर पाहिली आणि हसला. मशीनच्या माइकच्या भोकात पी-38 ही बसते आणि तीन पिनांची कॅनन ही बसते. पण माइकचा प्रीअँप फक्त कॅननच्या तीन पिनांना जोडलेला. पी-38 लावली की मशीन त्याला गिटार नाही तर मिक्सर समजतं. वायर बदलली आणि खोली एकदम उघडल्यासारखी झाली.

बुवांना हेडफोन लावून दिला. दोन ओळी म्हणून थांबले. “माह्या मांगून कोण म्हणून राहिला बे?” कॉम्प्युटरमधून फिरून येणारा त्यांचाच आवाज मागं पडत होता. सॉफ्टवेअरमधून ऐकवणं बंद केलं आणि मशीनवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं. आता आवाज कॉम्प्युटरात न जाता सरळ कानात. बुवांची तक्रार मिटली.

सात भजनं झाली. आठव्याला मृगाचा पाऊस टिनावर कोसळला आणि हेडफोनमध्ये दुसरं काहीच उरलं नाही. बुवांनी खंजिरी मांडीवर ठेवली, वर टिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पाऊस गाळाचं कार्ड नाही भेटत का रे बाबू?”