आमची वाटचाल: बॅटरी बँक ते लोड बँक

यूपीएस म्हणजे मेन्स (बाहेरची वीज) गेल्यावर बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारं यंत्र. त्याच्या एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारांवर, आमची कंपनी उभी राहिली. कूलिंग आणि डीजीची (डिझेल जनरेटरची) कामं नंतर आली, ती वर्षं सुरळीत गेली. मधे एका स्पर्धकाने निम्म्या दरात करार उचलायला सुरुवात केली आणि आमच्याकडे पगार भागवायची मारामार झाली.

त्यांचा बॅटरी रिपोर्ट देखणा असायचा: 40 बॅटऱ्या, प्रत्येकीसमोर 13.5 व्होल्ट आणि टिक. अहो, तो फ्लोट व्होल्टेज, म्हणजे भरलेल्या बॅटरीवर चार्जरने धरून ठेवलेला! चार्जर चालू असताना आतून सुकलेली बॅटरीही तेवढा दाखवू शकते. सिरीजमधली एक ओपन झाली (आतून जोड तुटला) की अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकीला एक जोडलेल्या बॅटऱ्यांची माळ, बसते, आणि ते कळतं मेन्स गेल्यावर. आम्ही प्रत्येकीचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विद्युत रोध) मिलिओहममध्ये मोजतो आणि बसवतानाच्या नोंदीशी ताडतो. 30 टक्क्यांच्या आसपास वाढला की नजर ठेवायची, 50 वर बदलायचीच.

थर्मल कॅमेऱ्याचंही तेच. सैल लगमधली (केबलच्या टोकाच्या जोडातली) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे 80 टक्के लोडला तापणारा सांधा 20 टक्क्यांवर सोळाव्या हिश्शाने तापणार, फोटोत निळाच दिसणार. निदान 40 टक्के लोड नसेल तर कॅमेरा पेटीतच राहू द्या. आणि दर भेटीत सगळे बोल्ट आवळत सुटू नका, ताणून ते निकामी होतात. गरम दिसला तोच सांधा सप्लाय बंद करून उघडा, साफ करा, टॉर्क रेंचने उत्पादकाच्या आकड्यावर बसवा.

त्या काळात एक ग्राहक आमच्याकडेच राहिला. त्यांच्या इलेक्ट्रिकल प्रमुखांनी पहिल्या दिवसापासूनची रेझिस्टन्सची वही जपली होती. त्या जोरावर बँक नवी असतानाच कमजोर बॅटऱ्या वेचून काढता आल्या. निम्मं आयुष्य उलटलेल्या स्ट्रिंगमध्ये नव्या बॅटऱ्या मिसळणं आम्ही टाळतो, जुन्यांच्या संगतीत त्या लवकर मरतात. आणि बॅटरी रूम 25 अंशांवर ठेवा. सतत 33 ते 35 राहिलं तर आयुष्य निम्म्यावर येतं.

स्पर्धकाकडे गेलेल्यांपैकी एकाची स्ट्रिंग मेन्स गेल्यावर बसली. ते परत आले, पण दर मात्र स्पर्धकाचाच मागितला! आम्ही दिला नाही.

डीजी दर महिन्याला बिनलोड फिरवून समाधान मानणारे अजून भेटतात. 30 टक्के लोडखाली इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं. वर्षातून एकदा लोड बँक (चाचणीसाठी जनरेटरवर भार टाकणारं यंत्र) लावाच. टाकीच्या तळाचं पाणी काढा, स्टार्टिंग बॅटरी क्रँकिंगच्या वेळी (इंजिन सुरू करताना) मोजा.

कूलिंगमध्ये पैसा वाचतो तो पंख्यांत. वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी. त्यासाठी आधी फिल्टर स्वच्छ हवेत, सर्व्हर रॅकच्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल (झाकणाऱ्या पट्ट्या) हवेत. सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश चालतात, 16 वर गोठवायचं कारण नाही.

यूपीएसचे डीसी कपॅसिटर साधारण 5 ते 7 वर्षांत बदला, फुगायची वाट पाहू नका. त्या कामासाठी बायपासवर (यूपीएस वगळून थेट पुरवठ्यावर) जाण्याआधी बायपासचा व्होल्टेज आणि सिंक (यूपीएसशी लय जुळते का) तपासा, डीजी तयार ठेवा.