एमी जॉन्सनचा ‘जेसन’, एकास बारा: इंजिन पूर्ण, खालच्या पंखांवर कापड चढलं

ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सनच्या ‘जेसन’ विमानाचं मूळच्या एक बारांश आकाराचं मॉडेल मी करतोय. मागच्या नोंदीनंतर दोन मोठी कामं मार्गी लागली, जिप्सी इंजिन आणि खालच्या पंखांचं कापड. वरचा पंख अजून नुसता सांगाडाच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ विमान म्हणजे डी हॅविलंडचं डीएच ६० जी जिप्सी मॉथ, नोंदणी जी-एएएएच. पंखांचा विस्तार ९.१४ मीटर, आपल्या मॉडेलवर ७६२ मिलिमीटर. एमीच्या घरी, हल शहरात, मासळीचा धंदा होता. त्या पेढीच्या ट्रेडमार्कवरून तिने विमानाचं नाव ‘जेसन’ ठेवलं. विमान जुनंच घेतलेलं, पैसे वडिलांचे आणि तेल-उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांचे. ५ मे १९३० ला ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटी निघाली आणि २४ मे रोजी डार्विनला उतरली. अंतर सुमारे १८,००० किलोमीटर. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री. त्याआधीचा तिचा सर्वांत लांबचा पल्ला होता लंडन ते हल!

इंजिनावर मी इतका वेळ का घालवतोय, असं काहींना वाटेल. एक तर या मॉथवर इंजिन लपवता येत नाही. चार सिलिंडर एका रांगेत उभे आणि त्यांची डोकी बॉनेटच्या वर आलेली. दुसरं कारण एमी स्वतः. लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी करताना ती स्टॅग लेन विमानतळाच्या हँगरमध्ये मेकॅनिकांच्या हाताखाली शिकत होती. डिसेंबर १९२९ मध्ये तिने ग्राउंड इंजिनिअरचा ‘सी’ परवाना मिळवला. ब्रिटनमध्ये तोवर कुठल्याही स्त्रीकडे तो नव्हता. प्रवासात दिवसभर उडून झाल्यावर संध्याकाळी ती इंजिन उघडून बसायची, तेल बदलायची, प्लग साफ करायची आणि जेमतेम तीनेक तास झोपून पहाटे पुन्हा निघायची. तिच्या विमानाचं मॉडेल करताना इंजिन कसंबसं उरकणं मला पटत नाही.

सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ११४ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. तेवढ्या जाडीच्या लाकडी दांडीवर बारीक तांब्याची तार आणि शिवणाचा दोरा शेजारी शेजारी घट्ट गुंडाळले. शेवट पक्का केला, मग दोरा उलगडून काढला आणि तारेवर पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) सोडला. हवेने इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधली फट त्यामुळे चारही सिलिंडरवर एकसारखी आली. प्लास्टिकच्या चकत्या कापून रचण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी चांगली वाटली. प्लगच्या वायरी तेवढ्या लावायच्या राहिल्या आहेत.

फ्युजलाजचं, म्हणजे विमानाच्या धडाचं, फार सांगण्यासारखं नाही. मूळचं स्प्रूसच्या पट्ट्या आणि प्लायवूडचं होतं, माझंही तसंच. पुढच्या कॉकपिटमध्ये जादा पेट्रोलची टाकी आहे आणि वर झाकण. त्या टाकीतलं पेट्रोल हातपंपाने वरच्या पंखातल्या टाकीत चढवावं लागे आणि त्या वासाने तिला मळमळायचं. पंपाचा दांडा बसवलाय. कॉकपिटमध्ये वाकून पाहिलं तरच दिसतो, पण तो हवाच होता.

आता पंख. इथे मला ठरवायचं होतं की कुठल्या दिवशीचा ‘जेसन’ करायचा. बहुतेक जण क्रॉयडनची सकाळ निवडतात, नवाकोरा गडद हिरवा रंग, रुपेरी अक्षरं. मी रंगूनजवळचं इन्सिन निवडलं. कराचीपर्यंत ती सहा दिवसांत पोहोचली होती, याच मार्गावर एकट्याने उडालेल्या बर्ट हिंकलरच्या १९२८ च्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे. मग झाशी, कलकत्ता आणि १३ मे रोजी ब्रह्मदेशातला मुसळधार पाऊस. रंगूनचं रेसकोर्स सापडेना, म्हणून ती इन्सिनच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या मैदानात उतरली आणि विमान पुढच्या खड्ड्यात गेलं. प्रॉपेलर मोडला, पंख फाटला, चाकांचा आधार वाकला. बाजूला बांधून आणलेला जादा प्रॉपेलर तिथे कामी आला. पंखाच्या कापडाची सोय फारच विलक्षण. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानी कापडाचे शर्ट शिवलेले होते, तेच उसवून पंखाला लावले. संस्थेतल्या लोकांनी हातभार लावला, तीही त्यांच्याबरोबर राबली आणि १६ तारखेला बँकॉकच्या दिशेने निघाली. हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम अर्थातच हुकला. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोठे वाटतात ते हेच दुरुस्तीचे दिवस, डार्विनच्या गर्दीपेक्षाही.

म्हणून माझ्या खालच्या पंखावर रेशमी टिश्यू आहे आणि दुरुस्तीच्या जागी जुन्या मलमलीचे तुकडे. मलमलीचं विणकाम डोपखालूनही (कापड ताणून घट्ट करणाऱ्या लाखेखालूनही) किंचित दिसतं, मला तेच हवं होतं. डोप पातळ करून तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर पंख पाटावर टाचण्यांनी दाबून रात्रभर ठेवला, कारण डोप आकसतो तेव्हा बाल्सा लाकडाचे रिब (पंखाच्या आडव्या फासळ्या) पीळ खातात. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) या मॉथला फक्त खालच्या पंखांवरच आहेत, तेही बिजागऱ्यांसकट बसले.

पुढचं काम वरच्या पंखाचं. त्याच्या पुढच्या कडेला, वेग कमी झाला की आपोआप उघडणारे स्लॉट (फटीच्या पट्ट्या) आहेत, ते पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे करून खरोखर हलते ठेवायचा विचार आहे. दोन पंखांमधल्या ताणतारांसाठी काळी तंगूस आणली आहे. पण पंख मागे दुमडता येणं हे मॉथचं वैशिष्ट्य, ते मॉडेलमध्ये ठेवायचं तर काही तारा मागच्या स्पारच्या (पंखाच्या मुख्य तुळईच्या) बिजागरीवरच संपवाव्या लागतील. त्याची रेखाटनं झाली की इथेच देतो.