घोडखिंडीचा प्रसंग, तिसरा खर्डा

मंडळी, पन्हाळा ते विशाळगड हे प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलेलं, तर आता खिंडीतली लढाई जवळजवळ झाली. आधीच्या दोन्ही खर्ड्यांत तलवारींचा खणखणाट, रक्ताचे पाट सगळं होतं आणि तरी वाचताना काही दिसतच नव्हतं. कोण कुठं उभाय, पाय कशावर आहे हे मलाच माहीत नाही, तर वाचणाऱ्याला कुठनं दिसणार.

म्हणून पेठेतल्या तालमीत गेलो, तिथं पोरं मर्दानी खेळ शिकतात. वस्तादांनी दांडपट्टा हातात घालायला दिला. त्याची मूठ म्हणजे लोखंडी नळीच, हात कोपरापर्यंत आत जातो आणि आतल्या आडव्या दांडीला धरायचं, मनगट जाम. मी सवयीनं मनगटच फिरवायला गेलो तर पातं नुसतं लवलवलं. वस्ताद म्हणाले, "खांद्यातनं काढ, कमरेतनं फीर." दहा मिनिटांत खांदा भरून आला. पण महत्त्वाचं पुढंच कळलं, पट्टा फिरवणाऱ्याच्या शेजारी कुणी उभंच राहू शकत नाही, आपलाच माणूस कापला जाईल. आणि माझ्या खर्ड्यात तेवढ्याशा खिंडीत बांदलांचे मावळे खांद्याला खांदा लावून पट्टे चालवत होते! आता एक पट्टेकरी पुढं, भालेवाले चार पावलं मागं, धोंडे घेतलेले कडेला वर. पुढचा दमला की मागं सरकतो, दुसरा येतो, आणि त्या मधल्या दोन श्वासांत वाट उघडी पडते. सगळी भीती त्या दोन श्वासांत आली, विशेषणं आपोआप गळाली.

पावसाचंही तसंच झालं. बंदुका तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं बार काढायच्या, तोडा विझला की बंदूक म्हणजे नुसता दांडका. त्यामुळं गोळ्यांचा वर्षाव काढून टाकला आणि सिद्दीचा एक शिपाई घातला, तो जळता तोडा ओंजळीत धरून फुंकतोय, बोटं भाजतायत तरी सोडत नाही. त्याच्यावरच पान दीड पान गेलंय, मला ते आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं वाटतं.

रात्रीच्या वाटेत मात्र माझी चूक होती. १२ जुलै १६६० ला आषाढी पौर्णिमा, आणि मी काळाकुट्ट अंधार लिहून बसलेलो. ढग असले तरी मागं पूर्ण चंद्र आहे, मसाई पठारावर पुढच्याची पाठ दिसण्याइतका राखाडी उजेड ठेवलाय.

राहिली विशाळगडावरची इशारतीची तोफ. आधी मी तिच्या आगेमागे विजांचा कडकडाट टाकलेला. पण आपल्याकडं गडगडतो तो वळीव, आषाढातली झड दिवसदिवस नुसती धो धो लागते. म्हणजे वीज काढली की बाजीप्रभूंना तो धप्पकन आलेला आवाज कशाचा हा प्रश्नच पडत नाही, ऐकल्या ऐकल्या कळतं. ते वाक्य अजून जमलेलं नाही, या रविवारी परत बसणार.