डबाभर खनिज आणि विहिरीची दोरी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत गुरुजींच्या आठवणी पुष्कळ येतील. मी आपल्या रेडीच्या भूगोलाबद्दल लिहितो. पुस्तकात तो दोन ओळींत संपतो.

वेंगुर्ले तालुक्याचं हे नैऋत्य टोक. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तेरेखोलची खाडी. खाडीच्या आपल्याच काठावरचा तेरेखोल किल्ला मात्र गोव्यात मोडतो. गोव्यातून तिथे यायचं तर केरीहून फेरीबोट, रेडीतून सरळ रस्ता.

वर जांभा, खाली लोहखनिज. शुद्ध हेमाटाइटमध्ये, म्हणजे लोहाच्या मुख्य खनिजात, लोह ७० टक्क्यांच्या आसपास असतं, पण आपल्याकडचा माल मातीमिश्रित, म्हणून त्याहून बराच हलक्या प्रतीचा. खोदताना आधी वरची माती आणि जांभा काढायचा, मग पायऱ्या पाडत खाली उतरायचं. पायरी उभी ठेवली की पहिल्या मोठ्या पावसात कड कोसळते. घनमीटरभर खनिजाचं वजन साधारण अडीच टन, त्यामुळे १० टनांचा डंपर चार घनमीटरमध्येच भरतो. हौदा काठोकाठ भरला तर डंपरचे पाटे (स्प्रिंगा) जातात आणि गावातला रस्ताही.

खरा घोळ पाण्याचा. बारीक माल कोरड्या टनावर विकला जातो. ५०,००० टनांत ८ टक्के ओल असेल तर ४,००० टन नुसतं पाणी, त्याचे पैसे नाहीत. पैशांपेक्षा मोठा धोका जहाजाला. ओल मर्यादेपलीकडे गेली की समुद्राच्या हेलकाव्यांनी खनिज चिखलासारखं वाहतं, एका बाजूला सरकतं आणि जहाज कलंडतं. त्याची परीक्षा साधी आहे. अर्धा ते एक लिटरचा दंडगोल डबा निम्मा भरायचा आणि वीतभर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर २५ वेळा आपटायचा. दोन आपटण्यांत एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. वर पाणी सुटलं किंवा माल थलथलला, तर जहाजात भरण्याआधी प्रयोगशाळेत तपासायलाच हवा. माल कोरडा दिसला तरी प्रयोगशाळेचा आकडा लागतोच. ढिगावर ताडपत्री का हवी, हे या डब्यावरून कळतं.

भावाचं गणित गावाच्या हातात नाही. मे २०२२ मध्ये लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्के झालं. ५८ टक्क्यांखाली लोह असलेल्या मालावर त्याआधी ते नव्हतंच. नोव्हेंबरमध्ये तो बोजा उतरला. माल हलला नाही की डंपर उभा राहतो, हप्ता थांबत नाही. आंबा, काजू, माड आणि मासेमारी सोडून सगळं घर डंपरवर टाकणं मला पटत नाही.

पावसात खाणीतलं पाणी उपसून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातं. मध्ये गाळ बसायला तळी हवीत, आणि ती मे संपण्याआधी उपसलेली हवीत. भरलेल्या तळ्यात पाणी थांबत नाही, लाल गाळ थेट मळ्यात उतरतो. सुकला की त्याचा पापुद्रा धरतो, भाताच्या मुळांना हवा मिळत नाही.

उपशाने भूजल खाली गेलं तर खाडीजवळच्या विहिरींत खारं पाणी शिरू शकतं. म्हणून नववीच्या मुलांना माझी विनंती: एप्रिल-मेमध्ये दर सोमवारी सकाळी, कुणी पाणी काढण्याआधी, ठरावीक पाच विहिरींत दोरी सोडा. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, चव खारट आहे का तेही तारखेसह वहीत लिहा. दरवर्षी विहिरी त्याच ठेवा. खाणीची जनसुनावणी लागेल तेव्हा ती वही पटलावर ठेवता येईल.