पिवळा कागद

मंगळवारचा तो पिवळा कागद अजून माझ्या पर्समध्येच आहे. काढून शाळेच्या कपाटात ठेवायचा म्हणते आणि रोज संध्याकाळी तसाच माझ्यासोबत घरी येतो. आज शनिवार, सकाळची शाळा. दुपारी जरा पडावं म्हटलं तर डोळा लागेना, म्हणून वही घेतली.

झालं तसं फार काही नाही. चौथ्या तासाला सातवीत इंग्रजीचे कागद वाटले, लेकरं लिहायला लागली, आणि एकीने आपला कागद बघितला, शेजारणीचा बघितला, परत आपला बघितला आणि म्हणाली, "मॅडम, माझा पिवळा का?" रागाने नाही की रडून नाही, आज खिचडीत वाटाणे का नाहीत असं विचारावं तसं साधं विचारलं. आणि मी काय बोलावं? "अगं तुझा सोपा आहे, तू कर बघू." हे मी मोठ्याने बोलले. सगळ्या वर्गाने ऐकलं.

मंगळवारी रात्री मला स्वतःचीच फार दया येत होती. सोमवारी साडेबारापर्यंत जागून मी ते कागद केले होते. 'माय मदर' हा विषय, पाच वाक्यांचा परिच्छेद लिहायचा, आणि त्याचे तीन प्रकार. पहिल्या गटाने स्वतःहून लिहायचं, दुसऱ्याने दिलेले शब्द वापरून लिहायचं, आणि तिसऱ्याने चित्राला शब्द जोडायचे, आई स्वयंपाक करते, आई पाणी भरते, आई भाजी आणते. वाटताना गोंधळ नको म्हणून तिसरा गट पिवळ्या कागदावर, तेवढाच हेतू. झेरॉक्सचे पैसे माझे, झोप माझी, वर आईचा फोन येऊन गेला तो उचलला नाही तर तिचं वेगळंच, ते जाऊ दे. पाठ टाचणात मी तिन्ही गट नीट रकाने पाडून लिहिले होते, केंद्रप्रमुख साहेबांनी मागच्याच आठवड्यात माझं टाचण बघून ग्रुपवर फोटो टाकला होता, समावेशित शिक्षणाचं नियोजन असं हवं म्हणून. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. एवढं सगळं करूनही त्या एका प्रश्नाने माझी मान खाली गेली, ह्याचं वाईट वाटत राहिलं.

पण खरं वाईट त्याचं नव्हतंच, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

वर्गात ज्यांना मदत लागते त्यांचं मी मनापासून करते, हे मी स्वतःला तरी खोटं सांगणार नाही. ज्याला कमी दिसतं त्याचा कागद मी मोठ्या टायपात एथ्री वर काढून आणते, आणि त्याला खिडकी पाठीशी येईल असं बसवते, नाहीतर उजेड डोळ्यावर येतो आणि फळा नुसता चमकतो. कानाला मशीन आहे तिच्यासाठी मी फळ्याकडे तोंड करून बोलायचं बंद केलं, ही सवय मोडायला मला एक अख्खं सत्र लागलं, कारण खडू हातात आला की तोंड आपोआप चालू होतं आणि तिला बिचारीला फक्त माझी पाठ दिसते. बी आणि डी उलटे काढणारा आहे त्याला दोन्ही मुठी समोरासमोर धरून अंगठे वर करायला शिकवलं, डावी मूठ बी, उजवी मूठ डी, मध्ये 'बेड' शब्दाची खाट तयार होते. आता तो परीक्षेत बाकाखाली हळूच मुठी धरून बघतो आणि मला ते दिसलं की पोटातून भरून येतं.

हे सगळं प्रशिक्षणात सांगतात. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, अध्ययन अक्षमतासुद्धा आली त्यात. मला ते पाठ आहेत. पण पिवळ्या कागदाची ती मुलगी त्या एकवीसमध्ये कुठेच नाही. तिला नीट दिसतं, ऐकू येतं, गणितात तर ती पहिल्या पाचात असते. तिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मराठी ती शाळेत येऊन शिकली, आणि इंग्रजी तिसरी भाषा, आणि दिवाळी झाली की आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातात ते पार उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. पाचवीपर्यंत तीही त्यांच्याबरोबर जायची, म्हणजे दर वर्षीचं अर्धं पुस्तक तिने बघितलेलंच नाही. आता आजीपाशी तांड्यावर राहते म्हणून दोन वर्षं सलग शाळा. मी तिला तिसऱ्या गटात टाकलं ते कशावरून? स्पेलिंग चुकतं आणि बोलत नाही यावरून. मी तिला कधी काही लिहायला दिलं होतं का, स्वतःचं? नव्हतं दिलं. पहिल्या घटक चाचणीनंतर तिचं नाव त्या रकान्यात लिहिलं ते सहा महिने तिथंच.

हे बोचतंय. कागद पिवळा होता याचं एवढं नाही, तो पांढरा असता तरी ती जोड्याच लावत बसली असती. ती कुठपर्यंत जाणार हे मी सोमवारी रात्रीच ठरवून टाकलं होतं, तिला न विचारता. आणि त्याला मी मदत म्हणत होते.

तिने त्या जोड्या दोन मिनिटांत लावल्या. मग कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. मी फिरत फिरत तिच्यापाशी गेले तर हाताने झाकलं. तास संपल्यावर कागद गोळा केले, आणि शिक्षक खोलीत बसून बघितलं. इंग्रजी अक्षरांत, पेन्सिलीने, खोडून खोडून कागद फाटायला आलेला:

माय याडी. माय याडी कट शुगरकेन. शी कम होळी.

याडी म्हणजे त्यांच्यात आई. मी ते 'माय याडी' दोन-तीनदा वाचलं आणि मला आधी ते मराठीच वाटलं, माय आणि याडी, आईला दोन भाषांत हाक मारल्यासारखं, मग लक्षात आलं की अगं हे इंग्रजी आहे, 'माय' म्हणजे माझी. आणि माझ्या कागदावरची आई तर स्वयंपाक करत होती, भाजी आणत होती. तिची आई कुठल्या तरी कारखान्याच्या फडात होती आणि होळीला येणार होती. पुढच्या बाजूच्या माझ्या चित्रांत तिला लावायला आईच नव्हती.

मी पाचवीत होते १९९६ ला. तेव्हा इंग्रजी पाचवीपासूनच असायचं, पहिलीपासून झालं ते २००० नंतर. मला आठवतं, आम्ही प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून ठेवायचो, धिस, दॅट, आणि गुरुजी आले की रबराने पुसायचो. एकदा पुसायचं राहिलं आणि गुरुजींनी माझं पुस्तक उचलून वर्गाला दाखवलं. त्यांनी मारलं वगैरे नाही. नुसतं दाखवलं. मी इंग्रजीची बाई झाले त्यामागे त्या दिवसाचा थोडा तरी हात आहे असं मला नेहमी वाटायचं, की आपल्या वर्गात असं कुणाचं पुस्तक वर धरायचं नाही. आणि मंगळवारी मी काय केलं. बरं, हे इथेच थांबवते.

बुधवारी विशेष शिक्षक सरांचा दिवस होता. त्यांना सगळं सांगितलं, कागदही दाखवला. त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, मॅडम, एथ्रीचा कागद तसाच राहू द्या, ते त्याच्या डोळ्यांसाठी आहे, ते लागणारच. पण लिहायचं काम सगळ्यांना एकच द्या, आणि मदतीची कार्डं करून टेबलावर ठेवा. ज्याला हवं तो उठून घेईल. मी म्हटलं, सर, ज्यांना खरंच लागतं ती लेकरं उठणारच नाहीत लाजेने. ते म्हणाले, बघा तर करून.

म्हणून बुधवारी रात्री परत जागले. हे म्हणाले, पुन्हा? मी काही बोलले नाही. टाचणात तीन रकान्यांच्या जागी एकच ओळ लिहिली, आपल्या माणसाबद्दल पाच वाक्यं. आई हा शब्दच काढला, कारण वर्गात दोघांना आई नाही हेही मला त्या रात्रीच सुचलं, इतकी वर्षं 'माय मदर' शिकवतेय आणि त्या दोघांनी दर वेळी काय लिहिलं असेल देव जाणे. मग कार्डं. एकावर वाक्याच्या सुरुवाती, शी लाइक्स, ही वर्क्स, दे लिव्ह. एकावर कामांची क्रियापदं, त्यात कापणं, बांधणं, उचलणं, विणणं, खुरपणं घातलं. एकावर माझा स्वतःचा परिच्छेद, माझ्या आजीबद्दल, खाडाखोड तशीच ठेवून, म्हणजे लिहिताना खोडतात हे दिसावं. आणि लिहिण्याआधी पाच मिनिटं शेजारच्याला सांगायचं, कुठल्याही भाषेत. २०२० च्या धोरणात घरच्या भाषेतून शिकवायचं निदान पाचवीपर्यंत म्हटलंय, ती सातवीत आहे आणि माझा विषय इंग्रजी, पण पाच मिनिटं तर माझ्या हातात आहेत.

गुरुवारी टेबलावर कार्डं मांडली. मी श्वास धरून उभी. पहिला कोण उठला तर वर्गाचा मॉनिटर, कायम पहिला येणारा, सरळ आला आणि वाक्यांच्या सुरुवातींचं कार्ड घेऊन गेला. त्याच्या मागे तिघी. मग मुठी धरणारा. मग तर टेबलापाशी गर्दीच. मला काय वाटत होतं इतके दिवस, की कुणाला काय लागतं ते मला माहीत आहे.

ती उठली नाही. पाच मिनिटांत ती शेजारणीशी गोरमाटीत बोलली, तीही तांड्यावरचीच, दोघी हसल्या सुद्धा. सहा महिन्यांत मी तिला वर्गात हसताना बघितलं नव्हतं. मग लिहायला लागली, आणि मध्येच हात वर केला.

"मॅडम, मोळीला काय म्हणतात?"

"बंडल," मी म्हटलं.

तिने लिहिलं नाही. "लाकडाची नाही मॅडम. उसाची. डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढतात ती. फळीवरून."

मी फळ्याकडे बघत राहिले. बंडल तर बरोबर आहे, डिक्शनरीत तेच येईल. पण निरुंद फळीवरून डोक्यावर ती घेऊन चढणारी बाई त्या शब्दात येत नाही. मी म्हटलं, तू मोळीच लिही, इंग्रजी अक्षरांत, आणि पुढच्या वाक्यात सांग ती काय असते. तिने मान डोलावली. मग जरा थांबून, "आणि कोयता?" त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजूर नेणारा मुकादम तसाच हिशेब करतो, उचल म्हणजे आगाऊ पैसेही त्यावरच देतो. त्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तेही तसंच लिही म्हटलं.

सात वाक्यं लिहिली तिने. शी कम चं शी विल कम झालं, ते तिने कार्डावरून घेतलं, शेवटी उठली एकदा, कुणाचं लक्ष नसताना. कट चं कट्स राहिलंय, ते मी पेन्सिलीने बारीक एस काढून दिलं. याडीवर मात्र माझा पेन जाईना. केंद्रप्रमुख साहेब वही बघतील तेव्हा विचारतील हे काय, सांगेन.

सगळंच जमलं असं नाही. कानाच्या मशीनवालीला त्या पाच मिनिटांच्या गलक्यात काहीच ऐकू आलं नाही, ती नुसती बसून होती, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी तिला आणि तिच्या जोडीदारणीला व्हरांड्यात बसवून बघते. आणि दोघांनी कार्डावरचा माझा आजीचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून काढला. एकाने तर माझ्या आजीचं गावसुद्धा.

आज सुटताना ती माझ्यापाशी आली. म्हणाली, मॅडम, तो पिवळा कागद द्या ना. मी विचारलं, कशाला गं, पांढरा आहे की चांगला, सात वाक्यांचा. तर म्हणे, "तो वहीत राहू द्या. पिवळा याडीला पाठवायचा. रविवारी गाडी जाते." आणि मी वेड्यासारखं म्हटलं, घरी राहिला बाळा. पर्स खांद्यालाच होती.

आता सोमवारी गाडी गेलेली असेल. आजीच्या शेजारी फोन आहे त्यांचा नंबर शाळेच्या रजिस्टरमध्ये असेल. उद्या सकाळी तांड्यावर जाऊनच येते.