सुईच टोचायची, तर मशीन कशाला?

मागच्या आठवड्यात काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका, कंबरदुखीचं इंजेक्शन एक्स-रे मशीनखाली देऊ म्हटल्यावर, ओपीडीत म्हणाले, "डाक्टर साहेब, सुईच टोचाची हाय ना, मंग मशीन कायले पायजे?" रामदासपेठेतल्या आमच्या दवाखान्यात हे रोज कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

दंडात इंजेक्शन देताना औषध थोडं इकडेतिकडे गेलं तरी बिघडत नाही. कमरेचा फॅसेट सांधा, म्हणजे दोन मणक्यांना मागून जोडणारा छोटा सांधा, मात्र स्नायूंच्या थराखाली खोल असतो, बोटांना लागत नाही, आणि त्यात जेमतेम एक-दीड मिली औषध मावतं. "एमआरआय काढलाय ना?" काढलाय, पण सुईचं टोक या क्षणी कुठे आहे, हे तो कसं सांगणार?

म्हणून सी-आर्म, म्हणजे आतलं चित्र त्याच क्षणी स्क्रीनवर दाखवणारं एक्स-रे मशीन. तिरक्या कोनातून पाहिलं की कमरेचा एकेक मणका स्क्रीनवर छोट्या कुत्र्यासारखा दिसतो. वरच्या कुत्र्याचा पुढचा पाय आणि खालच्याचा कान जिथे भेटतात, तिथे सांध्याची फट. सुई तिथवर नेऊन थेंबभर डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडतो. सांध्यात गेला तर बारीक, वळणदार रेघ उमटते. स्नायूत गेला तर नुसता ढग पसरतो, मग सुई हलवायची.

कंबरेखालच्या एसआय सांध्याचंही, म्हणजे पाठीचा कणा कटीच्या हाडाला जिथे जुळतो त्या सांध्याचंही, तेच. 2000 साली छापलेल्या एका अभ्यासात नुसत्या हाताच्या अंदाजानं दिलेली इंजेक्शनं सीटी स्कॅनवर तपासली, तर पाचातलं जेमतेम एक सांध्यात पोचलेलं होतं.

काकांना आधी दुसरीकडे दोन इंजेक्शनं मशीनशिवायच दिली होती. फरक पडला नाही, म्हणून "इंजेक्शनानं काई होत नाई" असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटतं ते याचं. औषध पोचलं नाही की दुखणं त्या सांध्याचं नव्हतंच, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. औषध सांध्यात गेल्याचं डोळ्यांनी पाहिलं असेल आणि इंजेक्शनातल्या भुलीच्या औषधाच्या पहिल्या काही तासांतही आराम पडला नाही, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधायला लागता येतं.

किरणं लागतात, पण काही सेकंदच. गरोदर बाईला ती टाळतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. इंजेक्शनातल्या स्टेरॉइडनं शुगर काही दिवस वाढते, तीही तपासत राहा.

काल काकांना इंजेक्शन दिलं. दर तासाला कंबर किती दुखते ते वहीत लिहा आणि सोमवारी घेऊन या, असं सांगितलंय. आराम पडला नाही असं लिहिलेलं असलं, तरी ती वही मला हवी आहे.