तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुरुषांच्या बाजूला का उभी राहते

"तू बायकांच्या बाजूला का नाही गं नाचत?" हे मला आत्याने पुण्याहून फोनवर विचारलंय, इथे मायामीत मंडळातल्या काकूंनी गणपतीचा प्रसाद वाटता वाटता विचारलंय, ऑफिसमधल्या पोरांनी विचारलंय, आणि रुएदाचा, म्हणजे जोड्यांनी गोल करून हाकेसरशी जोडीदार बदलत नाचायच्या क्यूबन नाचाचा, व्हिडिओ पाठवला की कोणी ना कोणी विचारतंच. काही जण प्रेमाने विचारतात, काहींच्या विचारण्यात दुसरंच काहीतरी असतं. आता एकदा नीट सांगते.

इतके दिवस मी एकच उत्तर द्यायचे, पुरुष कमी पडतात. ते खोटं नाही. एक लीड, म्हणजे पुरुषांच्या बाजूने नाच चालवणारा, कमी असला की वर्तुळातली एक बाई एकटी पडते, आणि बायका जागेवर असतात, लीड फिरतात, त्यामुळे दर दामेला, म्हणजे जोडीदार बदलायच्या हाकेला, ते एकटेपण पुढच्या बाईकडे सरकतं. मग कोणीतरी त्या बाजूला जावंच लागतं. पण ज्या दिवशी पुरुष पुरेसे असतात त्या दिवशीही मी तिथेच उभी असते, मग ते उत्तर कुठे गेलं? लोक पुढचं विचारू नयेत म्हणून मी ते द्यायचे.

खरं कारण दामे आहे. हो, तेच, पहिल्या तासाला शिकवतात ते. गुआपेआ, म्हणजे मूळ पाऊल, चालू असतं, मागे-पुढे, एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चारला आणि आठला पाऊल नाही, तेवढ्यात कॉलर, म्हणजे हाका देणारा, ओरडतो "दामे!" आणि पुढच्या एकला प्रत्येक लीडने हातातला हात सोडून उजवीकडच्या बाईकडे निघायचं, तीनपर्यंत उजवा हात तिच्या पाठीवर पोचलेला पाहिजे, सातपर्यंत तिला समोरून डाव्या बाजूला आणायचं, की परत गुआपेआ. ज्यांना सोम्ब्रेरो आणि सेतेंता अशा पुढच्या चाली शिकायची घाई असते त्यांना यात शिकण्यासारखं काही वाटत नाही. मला मात्र इथेच सगळ्यात जास्त वेळ लागला. पावलं लवकर बसली, पण हात वेळेवर सोडणं जमत नव्हतं, आणि जाताना नजर जमिनीवर न ठेवता पुढच्या बाईच्या खांद्यावर ठेवायची, म्हणजे तिला कळतं की आपण येतोय. एकाने उशीर केला तर मागून येणारा त्याच्यावर येऊन आदळतो, त्याच्यामागचा थबकतो, आणि बघता बघता वर्तुळाचा बटाटा होतो. ज्या दिवशी ते जमलं, हाक आली आणि मी विचार न करता निघाले आणि पोचले, त्या दिवशी मला कळलं की मला हेच हवं होतं. कोण येतंय याची वाट बघत उभं राहायचं नव्हतं, मला निघायचं होतं. घरात, लग्न जमवताना, सगळीकडे "तू थांब, ते येतील" हेच ऐकत आले. इथे कोणीतरी ओरडून सांगतं, जा.

यावर माझी एक मैत्रीण चिडते, ती कायम फॉलो करते, म्हणजे बायकांच्या बाजूने नाचते. ती म्हणते तुला काय वाटतं आम्ही नुसत्या उभ्या असतो का, दर आठ मोजांना नवा माणूस, नवी पकड, कोण ओढतो, कोण ढकलतो, ते एका क्षणात समजून घेऊन ताल सांभाळायचा हे काय वाट बघणं आहे? तिचं बरोबर आहे. मी काही महिने फॉलो केलंय, कठीण आहे. पण तरी माझं मन त्या बाजूला रमत नाही, आणि ते मी वादात पटवून देऊ शकत नाही.

आता त्या रात्रीचं सांगते, कारण तेव्हापासून हा प्रश्न मला जास्त टोचतो.

आमचा नेहमीचा ग्रुप नव्हता, दुसऱ्यांच्या पार्टीत गेले होते. लोस वान वान या क्यूबन बँडचं गाणं, मोठं वर्तुळ, मजा चालली होती. दामे आलं, मी पोचले, उजवा हात पुढे गेला, आणि समोरच्या बाईने हाताची घडी घातली. नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. पाच-सहा-सात मी हवेतच केलं. पुढच्या हाकेला मी तिला वळसा घालून पुढे गेले आणि माझ्यामागून आलेल्या माणसाबरोबर ती छान नाचली, हसली सुद्धा. मला वाटलं चुकून झालं असेल, पण वर्तुळ तर फिरून येतंच. परत तिच्यापाशी पोचले, परत घडी. एरवी जोडीने नाचताना नको असेल तर आधीच नाही म्हणता येतं, तेवढी सोय असते. दामेत ती नाही, दामेत सगळ्यांकडे सगळे पोचतात, म्हणून तर मला ते आवडतं.

तिसऱ्या फेरीत मी तिच्या अलीकडच्या बाईबरोबर होते आणि कॉलरने हाक दिली "दामे दोस!" म्हणजे एक सोडून पुढची. सगळं वर्तुळ एकेक बाई सोडून पुढे गेलं, मी तिला ओलांडून गेले. पुढच्या फेरीतही बरोबर त्याच ठिकाणी दामे दोस. तेव्हा लक्षात आलं की त्याने पाहिलंय, आणि तो मला वाचवतोय. बाकी कोणाला काही कळलं नाही, लोक आनंदात नाचत होते. तिच्या घडीपेक्षा मला ते जास्त लागलं. एवढ्या सगळ्यांना एकेक जागा उडी मारायला लावून माझा अपमान टाळला जात होता, आणि मी आभार मानायचे की रागवायचं, हे कळेना.

गाणं संपल्यावर ती स्वतःहून आली. म्हणाली, तुझ्याबद्दल काही नाही, मी पुरुषांबरोबर नाचायला येते, हे नाचणं तसंच आहे. हवानाचं सांगितलं, पन्नासच्या दशकाच्या शेवटी कासिनो देपोर्तिवो क्लबात पोरं-पोरी जोडीने गोल करून नाचायची तेव्हापासूनचं. मी म्हटलं तिथून मायामीत येईपर्यंत हाका बदलल्या, एकाच हाकेवर दोन ग्रुप दोन वेगळ्या गोष्टी करतात, मग फक्त हेच का बदलायचं नाही? ती म्हणाली, हात माझा आहे. आणि यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

घरी येताना गाडीत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मंगळागौरीला आम्ही बायका-बायकाच फुगडी घालतो तेव्हा पुरुषाच्या जागी कोण असं कोणी विचारतं का, असं सगळं. पण मलाच एखाद्याचा हात नको वाटला तर मी काय करीन? एका माणसाची पकड मला आवडत नाही, फॉलो करायचे तेव्हा त्याला मी निमूट हात द्यायचे कारण वर्तुळ मोडू नये. ते मी बरोबर करत होते का? मग तिने पण तसंच करावं असं म्हणू का? एक दिवस वाटतं की गोलात उभं राहिलात म्हणजे जो येईल त्याला हात द्यायचा, नाहीतर गोलात येऊ नका. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मला भयंकर वाटतं.

तर काकू, आत्या, सगळ्यांनाच, पुरुष कमी पडतात म्हणून नाही. मला निघायला आवडतं म्हणून. आणि तुम्हाला ते विचित्र दिसतं हे मला कळतं, तिलाही दिसलं.

त्या कॉलरने नंतर मला मेसेज केला होता, परत ती आणि तू एकाच गोलात असलात तर दामे दोस चालू ठेवू का, की सुरुवातीलाच सगळ्यांना सांगू की इथे लीड कोणीही असेल? त्याला अजून मी उत्तर दिलेलं नाही. गुरुवारी त्यांची परत पार्टी आहे, मी जाणार आहे, लीड म्हणूनच, आणि त्याच्या आत त्याला काहीतरी सांगावं लागेल.